‘मोठ्या माशाचे सात नियम’: एकेक नियम तपासून पाहू

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आला, आणि तिथे तर गळ टाकणारे आम्ही जेमतेम तिघं आहोत. मेसेजचं नाव ‘मोठ्या माशाचे सात नियम’. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोरी ब्रेडचीच (बारीक तंतू विणून केलेली) घ्या, तीही जाडातली जाड, तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी) फेकून द्या. गळ जितका मोठा तितका मासा मोठा. रीलचा ड्रॅग पूर्ण आवळा. मासा आमिषाला टेकला की सगळ्या ताकदीनिशी झटका मारा. जड शिसं लावून जास्तीत जास्त लांब फेका, मोठा मासा लांबच असतो. पौर्णिमा-अमावास्येलाच जा, बाकी दिवस वाया. आणि काठावर उभं राहू नका, कमरेइतक्या पाण्यात उतरा.

माझ्या भाच्याने हे सातही नियम अक्षरशः पाळले. दिवाळीत आम्ही गुहागरला गेलो होतो. माझ्या वडिलांचं घर तिथलं, बडोद्याला ते नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. पहिल्याच संध्याकाळी त्याचा गळ कातळात अडकला. रील ओढेना, म्हणून त्याने ब्रेड बोटांना गुंडाळून खेचली. तीन टाके पडले. डॉक्टरकडून परत येताना तो म्हणाला, “आत्या, मी तर सगळं मेसेजमध्ये लिहिलंय तसंच केलं होतं.” मला लिहायला लावलं ते या वाक्याने. तो मेसेज लिहिणाऱ्याची समजूत एकच आहे: ताकद वाढवली की मासा वाढतो. गळ-दोरीचं काम तसं चालत नाही, आणि का चालत नाही ते प्रत्येक नियमापाशी दिसतं.

सुरुवात ड्रॅगपासून करते, कारण तो नीट कळला तर बाकीचं निम्मं आपोआप कळतं. बडोद्याच्या माणसाला ड्रॅग समजवायला फार शब्द लागू नयेत. उत्तरायणाला अगाशीवर उभं राहून आपण लहानपणापासून तेच करत आलोय. समोरच्याचा पतंग अडला आणि आपण दोरी घट्ट धरून ठेवली, तर कापला जातो तो आपला. फिरकी धरणाऱ्याला ‘ढील दे, ढील दे’ म्हणून ओरडतो ते उगाच नाही. रीलमधला ड्रॅग ही यांत्रिक ढील आहे. रिळाच्या आत चकत्या असतात, त्या एकमेकींवर घासतात. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की चकत्या घसरतात आणि दोरी सुटू लागते. तो ठरावीक जोर आपण ठेवायचा असतो, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. तुमची दोरी २० पौंडांची, म्हणजे साधारण ९ किलोंची असेल, तर ड्रॅग सव्वादोन ते तीन किलोंवर सुटला पाहिजे.

हे अंदाजाने ठरवू नका. बॅगा तोलायचा आकड्याचा काटा असतो, तो दोरीच्या टोकाला बांधा, रॉड जसा माशाशी झुंजताना धरतो तसा धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. दोरी सुटायला लागली की आकडा वाचा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण तीन किलो ही ओढ हाताला वाटते त्याहून बरीच जास्त असते.

एवढा कमी कशाला, दोरी नऊ किलोंची आहे ना? याची तीन कारणं. पहिलं, गाठीपाशी दोरी कमजोर होते, छापील आकडा बिनगाठीच्या दोरीचा असतो. दुसरं, थांबलेल्या चकत्या सुटायला चालत्या चकत्यांपेक्षा जास्त जोर लागतो, आणि माशाची पहिली धाव नेमकी त्या क्षणी येते. तिसरं कारण फिरकीवरून कळेल. रिळावरची दोरी संपत येते तसा दोरीच्या वेढ्यांचा व्यास लहान होतो. ब्रेक तोच असला तरी लहान व्यासावरून दोरी ओढून काढायला जास्त जोर लागतो. व्यास निम्मा झाला तर ड्रॅग दुप्पट झाला असं समजा, तुम्ही बटणाला हात न लावता. वर पाण्यात पसरलेल्या दोरीचा स्वतःचा अडसर वेगळा. ड्रॅग आधीच आवळलेला असेल, तर मोठा मासा पहिल्या दहा मीटरांतच दोरी तोडतो, आणि तोंडात गळ घेऊन जातो. तो मासा आपल्याला मिळत नाहीच, पाण्यातही धड राहत नाही. मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

(घरी आल्यावर ड्रॅग सैल करून रील ठेवावा. आवळून ठेवलेल्या चकत्या दबून जातात आणि पुढच्या वेळी झटके देत सुटतात.)

आता दोरी. ब्रेड चांगली आहे, मीही वापरते. पण कशासाठी चांगली ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नाही असं दिसतं. ब्रेडचा गुण हा की ती तेवढ्याच ताकदीत बारीक असते. २० पौंडांची ब्रेड साधारण पाव मिलिमीटरच्या आत-बाहेर, तेवढ्याच ताकदीचा तंगूस ०.४० मिलिमीटरच्या आसपास. बारीक दोरी लांब जाते, वाहत्या पाण्यात कमी ओढली जाते, रिळावर जास्त मावते. ‘जाडातली जाड ब्रेड’ घेतली की हा गुणच आपण विकत घेऊन फेकून देतो. दुसरा गुण, ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे पन्नास मीटरांवरचा हलका टोकाही हाताला कळतो.

पण न ताणणं हाच तिचा दोषही आहे. तंगूस तुटण्याआधी वीसेक टक्के ताणतो. म्हणजे पन्नास मीटर दोरी बाहेर असेल तर दहा मीटरांची गादी मधे आहे असं धरा. मासा काठाजवळ येऊन शेवटची उसळी घेतो तेव्हा हीच गादी गाठ आणि माशाचा जबडा दोन्ही वाचवते. शिवाय ब्रेड म्हणजे शेकडो सूक्ष्म तंतूंची वेणी. कातळाला, कालवांच्या कवचाला, पुलाच्या खांबाला घासली की एकेक तंतू तुटत जातो. कोकणातला कातळ असो की नर्मदेतले खडक, ब्रेड थेट गळाला बांधून जाणं म्हणजे घासून तुटायला दोरी पाठवणं. म्हणून ब्रेडच्या पुढे दीड-दोन हात तंगूस किंवा फ्लुरोकार्बनचा (हीही एक प्लास्टिकची दोरीच) लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळा तुकडा, हवाच. फ्लुरोकार्बन पाण्यापेक्षा जड, बुडतो, ब्रेड तरंगते, नायलॉनचा तंगूस हळूहळू बुडतो. पाण्याच्या वरच्या थरात तरंग्यावर गळ टाकायचा असेल तर फ्लुरोकार्बन नको, तो आमिष खाली ओढतो.

तंगूस ‘फेकून द्यायचा’ नसतो, बदलायचा असतो. नायलॉन पाणी शोषतो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो, उन्हाने ठिसूळ होतो. मी दर पावसाळ्यानंतर नवा भरते. नव्याने शिकणाऱ्याला मी आजही तंगूसच देते, कारण त्याच्या चुका तंगूस पोटात घालतो.

आणि अडकलेली दोरी हाताने खेचायची नाही, मग ती कुठलीही असो. एक वीतभर लाकडाचा दांडका पिशवीत ठेवा, दोरी त्यावर पाच-सहा वेढे घ्या, रॉड बाजूला ठेवा, तोंड फिरवून, पाण्याकडे पाठ करून उभे राहा आणि पाण्यापासून लांब चालत जा. तोंड अशासाठी फिरवायचं की सुटलेलं शिसं सरळ आपल्या दिशेने येतं. मांज्याने बोटं कापून घेतलेल्या शहराला ब्रेड बोट कापते हे वेगळं सांगायला लागू नये, पण मी माझ्या भाच्याला आधी सांगितलं नव्हतं, आणि ती चूक मला मान्य आहे.

गाठींबद्दल मेसेजमध्ये अवाक्षरही नाही. मला वाटतं त्याची सगळ्यात मोठी उणीव हीच. दोरी तुटते ती बहुतेक वेळा गाठीपाशी. ब्रेडला पालोमर गाठ, तंगुसाला पाच-सहा वेढ्यांची क्लिंच गाठ, एवढ्या दोन आल्या तरी वर्षभर भागतं. आवळण्याआधी गाठ पाण्याने किंवा थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस जागच्या जागी खराब होतो, डोळ्यांना दिसत नाही, माशाला कळतं. दोरीत मधेच वाऱ्याने पडलेली साधी गाठ दिसली तर तेवढा तुकडा कापून टाका. एवढीशी गाठ दोरीची ताकद जवळपास निम्म्यावर आणते.

गळाचा नियम चटकन संपवते. गळ माशाच्या तोंडाएवढा आणि आमिषाएवढा हवा. रोहू, मृगळ तोंडाने ओढून खातात, त्यांच्या ओठांना चार-सहा नंबरचा गळ पुरतो. समुद्रातल्या मुडदुश्याला त्याहून लहान. जिताड्याच्या जबड्याला ४/० किंवा त्यापुढचा हवा, तिथे मोठा गळ बरोबर आहे. आकड्यांचा घोळ लक्षात ठेवा: साध्या नंबरात आकडा वाढला की गळ लहान होतो, आणि शून्य लावलेल्या नंबरात आकडा वाढला की मोठा. गळ किती मोठा यापेक्षा किती धारदार हे जास्त बघा. अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर ठीक, घसरलं तर गळ बदला.

झटक्याचंही असंच. ताणणाऱ्या तंगुसावर लांबून मासा टेकला तर मनगटाने ठाम उचल लागते, कारण अर्धा जोर ताणात जातो. न ताणणाऱ्या ब्रेडवर तोच झटका रोहूचा मऊ ओठ फाडतो. आणि गोल वळणाचा सर्कल हुक लावला असेल तर झटका मारायचाच नाही. तो गळ बनवलाच असा आहे की मासा वळून चालू लागला की तो जबड्याच्या कोपऱ्यात स्वतः फिरून बसतो. तुम्ही फक्त रील गुंडाळत दोरी ताठ करा. झटका मारलात तर तो तोंडातून नुसता निसटून येतो. ज्यांना मासा परत सोडायचा असतो त्यांनी सर्कल हुकच वापरावा. तो पोटात न जाता बहुधा ओठापाशी लागतो, आणि ओल्या हाताने मासा धरून काढताही येतो.

लांब फेकण्याच्या नियमावर मात्र थांबावं लागेल, कारण यातच लोक सगळ्यात जास्त पैसे आणि सकाळी घालवतात.

आधी तलाव. आपल्याकडे तलावांत सोडले जाणारे तीन मुख्य मासे कटला, रोहू आणि मृगळ. तीन एकत्र का सोडतात? कारण तिघं तीन मजल्यांवर जेवतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ तळाशी. जड शिसं लावून लांबवर तळात आमिष बसवलं की कटला तुमच्या डोक्यावरून, खरं म्हणजे आमिषाच्या डोक्यावरून, निघून जातो. कटल्यासाठी तरंगा आणि हात-दोन हात खाली कणकेची गोळी पुरते, आणि ती बऱ्याचदा काठाच्या झुडपांच्या सावलीत, दहा-बारा मीटरांवर. तुमचा प्रश्न ‘किती लांब’ हा नसून ‘किती खोल’ हा आहे. (आजवा हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचं सरोवर आहे, आणि गावतळी बहुतेक इजाऱ्यावर दिलेली असतात. परवानगी विचारल्याशिवाय कुठेच गळ टाकू नका.)

आता समुद्र. वाळूचा किनारा वरून सपाट दिसतो, पाण्याखाली तो तसा नसतो. किनाऱ्याला समांतर वाळूचा बांध असतो आणि बांधाच्या अलीकडे चर. लाटा बांधावर फुटतात, तिथे पांढरा फेस दिसतो. चरावर पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही, पाण्याचा रंग गडद दिसतो. लाटा वाळू उकरतात, त्यातले किडे, खेकडे, शिंपले चरात येऊन पडतात, आणि मासे खायला तिथे येतात. हा चर पुष्कळदा किनाऱ्यापासून पंधरा-वीस मीटरांवर असतो. शंभर मीटर फेकणारा माणूस माशांच्या पाठीवरून आमिष पलीकडे टाकतो, आणि वर गुडघाभर पाण्यात उभा राहून उरलेल्यांना पळवून लावतो.

वडील गुहागरला पोचल्यावर पहिल्या दिवशी रॉड काढतच नसत. ओहोटीला नुसते किनाऱ्याने चालत. चर कुठे खोल आहे, बांध कुठे तुटलाय, खडक कुठे डोकावतोय हे बघत, आणि मागच्या सुरूच्या झाडांवरून खूण धरत: दोन जवळजवळच्या सुरूंसमोर चर, वाकड्या सुरूसमोर तुटलेला बांध. भरती चढू लागली की त्याच खुणेसमोर उभं राहून पहिली फेक जवळ, मग थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे, आणि शेवटी लांब. मी अजून तेच करते.

लांब फेकायची खरंच गरज पडते, नाही असं नाही. समोर लाटा मोठ्या असतील आणि चर बांधाच्या पलीकडे असेल तर दहा ते तेरा फुटी रॉड आणि शंभर ग्रॅमच्या वरचं शिसं लागतं. पण मग मेसेजने जे सांगितलं नाही ते आधी करा. लांब फेकताना दोरीवर जो झटका येतो तो मासा ओढतो त्याच्या कित्येक पट असतो. म्हणून मुख्य दोरीच्या पुढे जाड तंगुसाचा शॉक लीडर बांधायचा. हिशेब सोपा आहे: दर औंस शिशाला १० पौंड. ४ औंस म्हणजे साधारण ११३ ग्रॅम शिसं असेल तर लीडर ४० पौंडांचा. लांबी रॉडच्या दुप्पट, वर रिळावर पाच-सहा वेढे, म्हणजे फेकताना गाठ रिळावरच राहते आणि सगळा ताण लीडर घेतो. हा लीडर नसेल आणि २० पौंडांची दोरी फेकताना तुटली, तर शंभर ग्रॅमचं शिसं सुटून कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. दिवाळीत त्या किनाऱ्यावर पोरं खेळत असतात. रॉडवर रिळाच्या वरच्या बाजूला किती वजन फेकायचं ते छापलेलं असतं, तेही वाचा.

पौर्णिमा-अमावास्येच्या नियमात थोडं तथ्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. त्या दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जोरात वाहतं. कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी याचा फायदा होतो हे खरं. पण खाणं चालतं ते पाणी हलत असताना, त्यामुळे तारखेपेक्षा भरतीचा तास महत्त्वाचा. कोकणातले जुने लोक तो तास पाऊणकीने काढतात: तिथीचा आकडा घ्या, त्याचा पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे. त्याआधीचे दोन-अडीच तास मला सगळ्यात आवडतात, मग भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराची, अष्टमी असली तरी. भांगाला ओढ कमी असल्याने पाणी निवळ राहतं, आणि डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशाला आमिष दिसतं.

हा हिशेब मुंबई आणि कोकणचा. खंभातच्या आखातात तो चालवू नका. भरतीची लाट आखाताच्या टोकापर्यंत उशिरा पोचते, आणि पोचते तेव्हा फार उंच होऊन पोचते. भावनगरच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांच्या आसपास किंवा वर जातो, गुहागरकडे तो दोन-तीन मीटरांत असतो. बडोद्यातल्या पुष्कळांनी कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ बघितलंय, भरतीला पूर्ण पाण्याखाली जातं. तिथे उधाणाचा दिवस ‘चांगला’ म्हणून नवख्याला पाठवणं धोक्याचं आहे. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, पाय रुततो, आणि पाणी परत येतं तेव्हा चिखलातून धावता येत नाही. आणि तलावाला भरतीच नसते. तिथे पौर्णिमा शोधण्यापेक्षा पहाटेची वेळ आणि वाऱ्याची दिशा बघा.

राहिला शेवटचा नियम, कमरेइतक्या पाण्यात उतरायचा. बाकी सहा नियमांनी मासा जातो, दोरी जाते. याने माणूस जाईल.

समुद्रात आधी सांगते. बांध जिथे तुटलेला असतो तिथून पाणी जोरात खोल समुद्राकडे ओढलं जातं. तो भाग वरून शांत दिसतो, फेस नसतो, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. वाळूत पाकट बसलेली असते, तिच्या शेपटीचा काटा घोट्यात शिरतो. पोटरीपुढे पाण्यात जायची गरज माशासाठी जवळजवळ कधीच नसते, आणि जायचंच तर पाय उचलून न टाकता घासत न्यावेत.

पण हा मेसेज बडोद्यात फिरतोय, आणि इथे विश्वामित्री आहे. शहराच्या मधून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या लोकांच्या आवारात आल्या होत्या, आपण सगळ्यांनी ते बघितलंय. आजव्यातही मगरी आहेत, नर्मदेतही. मगर पाण्याच्या कडेशी दबा धरून शिकार करते, आणि कमरेइतक्या पाण्यात उभा माणूस तिला सहज मिळतो. तडफडणारा मासा आणि रक्त तिला बोलावून आणतात. म्हणून विश्वामित्रीत गळ टाकायचाच नाही. दुसरीकडेही काठापासून चार-पाच मीटर मागे, थोड्या उंच जागी उभं राहायचं. पकडलेले मासे दोरीत ओवून पाण्यात सोडून ठेवायचे नाहीत, काठावर साफ करायचे नाहीत, आणि अंधार पडायच्या आत सामान आवरायचं. उन्हाळ्यात मादी अंडी राखत असते, तेव्हा वाळूच्या, मातीच्या उतारांपासून आणखी लांब. मगर आणि नदीतली मऊ पाठीची कासवं, दोन्हींना कायद्याचं संरक्षण आहे. गळाला चुकून कासव लागलं तर दोरी ओढू नका, गळाजवळ कापा आणि त्याला सोडा. नर्मदेवर चांदोदला असाल तर वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते, त्यामुळे मधल्या खडकावर जाऊन बसू नका.

ज्यांच्या फोनमध्ये हा मेसेज आहे त्यांना माझी विनंती आहे. पुढे पाठवायचाच असेल तर निदान सातवा नियम खोडून पाठवा. ज्यांनी आधीच पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा: पाण्यात उतरू नका, दोरी हाताला गुंडाळू नका. भाच्याने त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर हे लिहिलं, टाके पडलेल्या बोटाच्या फोटोसकट.